घरात बसलेल्या मुलाला सरकार पैसे देते का?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटच्या पानाच्या कडेलाही ओळी आहेत. पत्राचा सारांश असा : मुलगा बी.कॉम. झाला त्याला दोन वर्षे होत आली. अर्ज केले, दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, काही झाले नाही. मुलाचे अब्बा बाजारात फळांचा गाडा लावतात. मुलाला गाड्यावर घ्यायला ते तयार नाहीत. "शिकवले ते केळी मोजायला का?" असे म्हणतात. मुलगा दिवसभर मोबाइल घेऊन बसतो आणि संध्याकाळी अब्बा घरी यायच्या वेळेला बरोबर बाहेर पडतो. दोघांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून.

त्यातच मोबाइलवर एक निरोप आला. महाराष्ट्र सरकार सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा ५,००० रुपये भत्ता देते, खालची लिंक भरा. गावातल्या एका दुकानदाराने ३५० रुपये घेऊन तो फॉर्म भरून दिला. चार महिने झाले, पैसे नाहीत, पावतीही नाही. इकडे बीदरला या भगिनीचे माहेर आहे. तिथे भावाच्या मुलीला पदवी झाल्यावर सरकारकडून ३,००० रुपये महिना मिळाले. "मग आमच्या मुलाला का नाही? तो पात्र आहे की नाही एवढे सांगा," असे त्या विचारतात. अब्बांचे म्हणणे वेगळेच आहे. धडधाकट माणसाने खैरात कशाला घ्यायची, असा त्यांचा सवाल आहे. त्यालाही उत्तर द्यावे, असे त्यांनी लिहिले आहे.

अशी पत्रे आमच्याकडे अधूनमधून येतात, पण इतके सगळे प्रश्न एकाच घरात सापडणारे पत्र पहिलेच. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देत आहोत.

आधी ५,००० रुपयांचा विषय संपवू. नोकरी नाही एवढ्याच कारणावरून दरमहा घरबसल्या पैसे द्यावेत, असा सरसकट बेकार भत्ता महाराष्ट्रात नाही. निवडणुका जवळ आल्या की त्याच्या बातम्या उठतात आणि लिंका फिरू लागतात. अशा लिंकवर आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरला असेल, तर आज पहिले काम बँकेत जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगण्याचे आणि एटीएमचा पिन बदलण्याचे. ३५० रुपये गेले ते गेले. सरकारी योजनेच्या नोंदणीला फी नसते. दुकानदार फॉर्म भरण्याची मजुरी घेतो, ती वेगळी गोष्ट. पण ती घेताना त्याने अर्जात मोबाइल नंबर कुणाचा टाकला ते जरूर पाहा. पुष्कळ दुकानांत घाईघाईत दुकानदाराचाच नंबर टाकला जातो. मग पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात, आणि मुलगा घरी वाट पाहत राहतो.

आता महाराष्ट्रात जे आहे ते. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. लोकांच्या तोंडी तिचे नाव 'लाडका भाऊ' असे बसले. ते नाव फसवे आहे, कारण ही योजना भावांची तितकीच बहिणींची आहे. त्या मुद्द्यावर पुढे येऊच. यात सरकार भत्ता देत नाही, विद्यावेतन देते. मुलाने किंवा मुलीने एखाद्या कारखान्यात, आस्थापनेत किंवा सरकारी कार्यालयात रोज जाऊन काम शिकायचे, आणि त्याबद्दल सरकारने पैसे थेट त्याच्या खात्यात टाकायचे. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला व पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती ११ महिन्यांपर्यंत वाढवली गेली.

पात्रतेच्या अटी कागदावर थोड्याच आहेत. वय १८ ते ३५. महाराष्ट्राचा रहिवासी. किमान बारावी पास. आधार नोंदणी झालेली, आणि बँक खाते आधारला जोडलेले. कौशल्य व रोजगार विभागाच्या महास्वयम संकेतस्थळावर उमेदवार म्हणून नोंदणी. आणि सध्या कुठे शिक्षण चालू नसावे. घरच्या उत्पन्नाची अट यात नाही, धर्माची-जातीची नाही. भगिनी विचारतात तो मुलगा या यादीत बसतो. पदवीधर म्हणून १०,००० रुपयांच्या गटात.

मग अडले कुठे?

पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे. भगिनींनी ती सहज लिहिली आहे, पण आमच्या मते सगळी अडचण तिथेच आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'शेख' आहे आणि आधार कार्डावर 'बागवान'.

हे वाचून आमचे अनेक वाचक हसतील, कारण हे त्यांच्याही घरात आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारले, आडनाव काय? आजोबा म्हणाले, शेख. झाले शेख. रेशन कार्ड काढताना गल्लीत सगळे ज्या नावाने ओळखतात ते धंद्याचे नाव लागले, बागवान. आधार रेशन कार्डावरून निघाले. बँकेचे खाते आधारवरून. आणि दहावी, बारावी, बी.कॉम.ची सगळी प्रमाणपत्रे शाळेच्या दाखल्यावरून. म्हणजे एकाच मुलाच्या नावाच्या दोन ओळी वीस वर्षे शेजारी शेजारी चालत आल्या. आणि पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या त्या सरकारी संकेतस्थळावर, जिथे यंत्राला 'अहो, तेच ते' असे सांगता येत नाही.

मराठवाड्यात आणि विदर्भात आणखी एक पद्धत आहे. शेख नावाच्या आधीही लावतात आणि बापाच्या नावाआधीही. यंत्राला यातले नाव कोणते आणि आडनाव कोणते ते कळत नाही. मोहम्मद हे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर इंग्रजीत नुसती एम आणि डी ही दोन अक्षरे. युसुफ आणि यूसुफ, काझी आणि क़ाज़ी. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना एक नाव चार जागी चार तऱ्हेने लिहिले जाते. आईच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. उत्पन्न नाही, गुण नाहीत, वय उलटून गेले म्हणून मुले अपात्र ठरताना आम्ही कमी पाहिली. कागदांचे आपसात पटत नाही म्हणून परत पाठवलेली जास्त पाहिली. योजना कोणतीही असो, शिष्यवृत्ती असो, विद्यावेतन असो, की नोकरीच्या वेळची पडताळणी.

उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. म्हणून तो योजनेची जाहिरात आल्यावर करायचा नसतो. नियम एकच धरावा : दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जे नाव, त्यातली जी अक्षरे, तेच नाव बाकी सगळीकडे. ते प्रमाणपत्र पायाचे धरून इतर कागद त्याच्या मागे आणावेत, उलट करू नये. शाळा सोडल्यानंतर दाखल्यातले नाव बदलायला गेले तर हेलपाटे फार. मुले शाळेत आहेत तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्ती सोपी असते. ज्या घरात आठवी-नववीची मुले आहेत त्यांनी आज संध्याकाळी दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून 'आत्ता टाकून देऊ, मग बघू' असे तिथे करू नये. एखादे अक्षर चुकले असेल तर आधार केंद्रावर काम होते. पण या भगिनींच्या मुलासारखे आडनावच बदलायचे असेल तर राजपत्राची प्रत मागितली जाते. म्हणजे नावबदलाचा अर्ज करून ते शासकीय राजपत्रात छापून आणायचे. महिना-दोन महिने गृहीत धरावेत. राजपत्राच्या दोन-तीन प्रती जपून ठेवाव्यात, पुढे पासपोर्टपर्यंत त्या उपयोगी पडतात.

दुसरी गाठ बँकेची. आधार बँकेला 'जोडलेले' असणे आणि सरकारी पैसा येण्यासाठी खाते आधारवर 'चढलेले' असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. सरकार थेट लाभाचा पैसा खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर पाठवते, आणि त्या घडीला आधारवर जे एकच खाते नोंदले असेल त्यात तो जातो. आमच्या परिचयातल्या एका मुलीचे पहिले विद्यावेतन आलेच नाही म्हणून घरात रडारड झाली. शोध घेतला तेव्हा कळले की ते आले होते. सातवीत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यात जाऊन पडले होते. ते पासबुक आजीच्या ट्रंकेत, मेहेर-चिठ्ठीच्या खाली. आपले कोणते खाते आधारवर चढले आहे ते बँकेत विचारता येते, आधारच्या संकेतस्थळावरही पाहता येते. अर्ज करण्याआधी पाहावे.

तिसरा कागद रहिवासाचा. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून तहसील कार्यालयातून मिळतो. महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, दर तीन वर्षांनी गल्ली बदलणाऱ्यांनी जुनी लाइट बिले, शाळेचे दाखले फेकू नयेत. आपल्याकडे लग्नपत्रिका जपून ठेवतात आणि लाइट बिलात मसाला बांधतात!

ही झाली कागदांची बाजू. पण काही मुले कागद सरळ असूनही बाहेर राहतात, आणि तिथे दोष कुटुंबाचा नाही, योजनेचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. बारावीची अट घ्या. ज्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजमध्ये, शिवणकामात, पॉवरलूमवर हात चालवला, त्याला शिकण्याच्या काळात मदतीची गरज सर्वांत जास्त. तोच या दारातून आत येत नाही. शिवाय प्रशिक्षण देणारा उद्योगही नोंदणीकृत, काही वर्षे जुना आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची वगैरे नोंद असलेला लागतो. आपल्या वस्तीतली बहुतेक कामे ज्या चाचाच्या गॅरेजात आणि मामूच्या कारखान्यात होतात, त्यांच्याकडे यातले एखादेच असते. मुलगा तिथे वर्षभर राबला तरी ते विद्यावेतनाचे प्रशिक्षण ठरत नाही. ज्यांचा छोटा कारखाना चांगला चालतो आहे अशा वाचकांनी हे मनावर घ्यावे. नोंदणी करून घेतली तर आपल्याच मोहल्ल्यातल्या चार मुला-मुलींना शिकवता येईल आणि त्यांचे पैसे सरकार देईल.

बीदरच्या भाचीला का मिळाले, हा प्रश्न राहिला. कर्नाटकात युवा निधी नावाची योजना आहे. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी १२ जानेवारी २०२४ रोजी शिवमोग्ग्यात तिचे पैसे द्यायला सुरुवात केली. ती खरोखर बेकार भत्त्याच्या जवळची आहे. पदवीधराला ३,०००, पदविकाधारकाला १,५०० रुपये महिना, जास्तीत जास्त दोन वर्षे किंवा नोकरी लागेपर्यंत. रोज कुठे कामाला जावे लागत नाही. पण तिथेही अटी आहेत, आणि त्या आपल्याकडच्यापेक्षा कडक वाटाव्यात अशा आहेत. परीक्षा पास झाल्यावर १८० दिवस नोकरी मिळालेली नसावी. पुढचे शिक्षण चालू नसावे. आणि 'मी अजून बेकारच आहे' असे स्वतः ठरलेल्या मुदतीत पुन्हा पुन्हा जाहीर करावे लागते. ते चुकले की पैसे थांबतात. कर्नाटकाचा अधिवास लागतो आणि त्यासाठी तिथल्या शिक्षणाची वर्षे पाहतात. निपाणी, बेळगाव, खानापूर, बीदर भागातल्या आमच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, विशेषतः ज्यांनी पदवी कोल्हापूर किंवा सोलापूरकडच्या कॉलेजातून घेतली त्यांनी. अर्जाआधी सेवा सिंधू केंद्रात आपले वर्ष आणि विद्यापीठ बसते का ते विचारावे. तात्पर्य, भाची कर्नाटकाची आहे आणि मुलगा महाराष्ट्राचा. मामाच्या घरी बीदरला राहायला पाठवून काही साधणार नाही. पत्रात तसा विचार दिसतो, म्हणून लिहिले.

आणखी एका मदतीचा उल्लेख करतो, तिची माहिती कमी लोकांना असते. मुलगा आधी कुठे कंपनीत कामाला होता, त्याच्या पगारातून ई.एस.आय. कापला जात होता आणि नोकरी गेली, असे असेल तर राज्य कामगार विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळू शकते. किती दिवस वर्गणी भरली यावर ते ठरते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून चालू आहे का ते जवळच्या ई.एस.आय. शाखेत विचारून घ्यावे. ज्याने कधी नोकरीच केली नाही त्याला ती लागू नाही.

आता अब्बांचा सवाल. आम्ही तो हलक्यात घेत नाही. दिवसभर उन्हात उभा राहून चार पैसे हलाल कमावणारा माणूस जेव्हा म्हणतो की माझा मुलगा कुणापुढे हात पसरणार नाही, तेव्हा त्यात त्याच्या सगळ्या जिंदगीचा हिशेब असतो. जकातीवर पहिला हक्क कुणाचा हे त्यांना आमच्याइतकेच माहीत आहे, आणि धडधाकट मुलाला ती घेऊ देणार नाहीत हे योग्यच आहे. पण विद्यावेतन ही जकात नाही आणि सदकाही नाही. मुलगा सकाळी जाईल, हजेरी लावेल, काम करेल. हजेरी नसेल तर पैसेही नाहीत. दुसरे असे की हा पैसा कुणा दानशूर माणसाच्या खिशातला नाही. अब्बा ज्या बिस्किटाच्या पुड्यावर, साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतात, त्यातला आहे.

महाराष्ट्रात या विचाराला जुना आधार आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या हातांना काम द्यायचे, अशी ती रचना होती. पगाराच्या पावतीवर आजही दरमहा २०० रुपयांची जी वजावट दिसते, ती त्याच कराची. त्या कायद्यात एक गोष्ट होती जी आमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. काम मागूनही सरकारने पंधरा दिवसांत दिले नाही, तर बेकार भत्ता द्यावा लागे. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही हीच तरतूद आली. खडी फोडायला आणि पाझर तलावावर माती वाहायला गेलेल्या आपल्या आजोबा-आजींना कुणी खैरातखोर म्हटले नाही. भत्ता मात्र फार थोड्यांच्या हाती आला. कारण भत्त्यासाठी 'मी अमुक तारखेला काम मागितले' याचा कागद लागे, आणि तोंडी मागणी केलेल्या माणसाकडे तो नसे. कामाची मागणी केल्याची तारखेची पोच ज्याच्याकडे, हक्क त्याच्याकडे. हे तेव्हाही खरे होते. आजही महास्वयमची नोंदणी झाली की नोंदणी क्रमांकाचा कागद छापून घरात ठेवायला सांगतो, तो म्हणूनच.

मात्र अब्बांना खोटी आशाही दाखवणार नाही. हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, यांचे कायदे त्याला लागू नाहीत. ११ महिने संपले की प्रमाणपत्र मिळते. पुढे ठेवून घ्यायचे की नाही हे त्या मालकाच्या मर्जीवर. एकदा लाभ घेतला की पुन्हा मिळत नाही. मुदत संपलेली मुले आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनाला उतरली, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्यांचे दुःख आम्हाला समजते. शाळेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात वर्षभर काम करून घरी बसणे हे पहिल्यांदा बेकार असण्यापेक्षा कडू असते. म्हणून जागा निवडताना घराजवळची आणि आरामाची पाहू नये. बी.कॉम. झालेल्या मुलाने जिथे हिशेब, जी.एस.टी., टॅली यांचे काम हाताखालून जाईल अशी जागा धरावी, भले ती लातूर शहरात असो आणि रोज एस.टी.चा पास काढावा लागो. सरकारी कार्यालयात फायली इकडून तिकडे ठेवून मिळालेल्या १०,००० पेक्षा कर सल्लागाराच्या किंवा व्यापारी पेढीच्या कामातून आलेले १०,००० पुढे जास्त उपयोगी पडतील.

आणि आता ती शेवटची ओळ, जी भगिनींनी पानाच्या कडेला उभी लिहिली आहे. "मुलगी पण आहे, बारावी झाली, १९ वर्षांची. तिचे काही विचारायचे नाही, तिच्यासाठी स्थळ पाहतो आहोत."

आम्ही विचारतो. वय बसते, बारावी बसते, शिक्षण चालू नाही. ती ६,००० रुपयांच्या गटात पूर्ण पात्र आहे. पत्रात तिच्या कागदांचा उल्लेख नाही, म्हणून आम्ही स्वतः फोन करून विचारले. तिच्या दाखल्यावर आणि आधारवर दोन्हीकडे बागवान आहे. तिला शाळेत घालताना आजोबा हयात नव्हते. अब्बांनी स्वतः जाऊन नाव घातले होते. म्हणजे या घरात आज तातडीने नोंदणी होऊ शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि तिचे काही विचारायचे नव्हते.

स्थळ पाहा, जरूर पाहा. निकाह ठरेपर्यंतचे महिने असेही जातातच. गावातच शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी प्रशिक्षणाच्या जागा निघतात. तिथे मुली कामाला जातात हे गावाला नवे नाही. तिचे स्वतःच्या नावाचे खाते असेल, त्यात स्वतःच्या कामाचे पैसे येतील. आणि एक विनंती : लग्नानंतर तिचे नाव आणि आडनाव कागदांवर बदलायची घाई करू नका. बदललेच पाहिजे असा कोणता कायदा नाही, आणि निकाहालाही त्याची गरज नाही. बापाच्या नावाने दहावी-बारावी झालेली मुलगी नवऱ्याच्या नावाने आधार काढते आणि तिच्या भावाची आज जी अडचण आहे तीच स्वतःच्या हाताने ओढवून घेते. पाहुण्यांशी बोलणी करताना मेहेरबरोबर हेही एकदा बोलून घ्यावे.

कुठे जायचे, तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात. पूर्वी ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो आणि जिथे कार्ड काढून लोक वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहायचे, तेच हे. योजनेत बदल होत असतात, जागा कधी असतात कधी नसतात, म्हणून जाण्याआधी सध्या काय चालू आहे ते विचारून जावे. बरोबर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, अधिवासाचा दाखला, पासबुक आणि स्वतःचा मोबाइल. स्वतःचा म्हणजे ज्याच्या नावाचा अर्ज आहे त्याचा, अब्बांचा नव्हे.

हे सदर छापायला देईपर्यंत भगिनींचे दुसरे पत्र आले. या वेळी एकच पान. मुलगा राजपत्राचा अर्ज करून आला आहे. मुलीची महास्वयमवर नोंदणी झाली, भावानेच मोबाइलवर भरून दिली आणि ३५० रुपये वाचले म्हणून तिच्याकडून समोसे वसूल केले. नोंदणीचा कागद छापून आणला तो अब्बांनी दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, आणि गाड्याच्या गल्ल्यात, जिथे ते बाजार समितीच्या पावत्या ठेवतात, तिथे ठेवून दिला.